चौथी चीर

१३ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निवृत्त पोस्टमनकाकांकडून लिहून घेतला. म्हणजे फसवणूक पाकिटापासूनच झाली आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, आठवडाभर मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

नऊ वर्षांनी लिहायला बसले आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. बेकरी चालू आहे. भट्टी तीच आहे, पुढचं दार तेवढं बदललं. माझे गुडघे हल्ली जिना चढताना कुरकुरतात आणि मी त्यांच्यावर खेकसते. पण हे सांगायला लिहीत नाही. काल मी तुरुंगात गेले होते.

हो, त्याच. बसच्या शेवटच्या थांब्याअलीकडच्या, तू होतास त्याच तुरुंगात.

आमच्या चर्चची तुरुंगसेवा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाच जण आत जातात, गीतं म्हणतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात आणि शेवटी प्रभुभोजन होतं. त्यासाठी इतकी वर्षं दुकानातला पाकिटातला पाव नेत होते. पाळकीणबाईंनी मला चर्चच्या दारातच गाठलं. म्हणाल्या, तिसऱ्या बाकावर बेकरीवाली बसते आणि आपण प्रभूच्या मेजावर पाकीट फोडतो, हे काही बरं दिसत नाही. मला फक्त पाव करून द्यायचा होता. पण पाचांतल्या एक बाई घसरून पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि अर्जात पाच माणसं लिहिली की पाचच लागतात. बाकी मंडळी मूग गिळून बसली. माझं तोंड नेहमीप्रमाणे उघडं होतं, म्हणून मी सापडले.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. या तुरुंगात आपले कोणी नातेवाईक सध्या आहेत किंवा पूर्वी होते का? मी ‘नाही’ लिहिलं. लगेच पुढच्या रकान्याकडे वळले. हे तुला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

दारावर एक पहारेकरी आहे, मी त्याचं नाव हातमोजेवाला ठेवलंय. त्याने माझ्या केसांतल्या पिना काढायला लावल्या, घड्याळ ठेवून घेतलं आणि मग पाव हातात घेऊन, आत काही लपवलंय का बघायला, त्याचे चक्क सहा तुकडे केले. रबरी हातमोजे घालून, भाजीवाल्याने कोबी फोडावा तसे. पहाटेपासून खपून केलेला पाव. मी काहीतरी बोलणार होते, पण पाळकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

आत एक लांबट खोली आहे. भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या. लोखंडी खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. तेवीस माणसं बसली होती, आणि कोपऱ्यात एक अधिकारी. खरं सांगू? मी घाबरले होते. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही, नुसती बुटांकडे बघत होते.

मग पावाची वेळ आली. नियम असा की आपण कैद्यांना हात लावायचा नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. म्हणून पाळक प्रार्थना करून ताट मेजावर ठेवतात आणि चार पावलं मागे येतात. मग एक कैदी उठतो, तुकडा घेतो आणि शेजारच्याच्या हातात देतो. देताना त्याचं नाव घेतो. बस, एवढंच, दुसरं काही नाही. मग तो शेजारचा उठतो, पुढच्याला देतो आणि त्याचं नाव घेतो. पोस्टमनकाका, तेही या पाचांतलेच, नंतर म्हणाले की आत यांना सगळे नंबरानेच पुकारतात. महिन्यात ही एकच वेळ, जेव्हा प्रत्येकाला आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. ही रीत चर्चने शिकवलेली नाही, त्यांनी स्वतःच सुरू केली.

धाकट्या, मी चाळीस वर्षं चर्चमध्ये पाव खाते आहे. काल तेवीस नावं ऐकताना माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही. एक दांडगा माणूस, मानेवर जखमेचा वळ, त्याचं नाव घेतल्यावर त्याने मान खाली घातली आणि तुकडा दोन्ही हातांत धरून नुसता बसून राहिला. खायचं विसरलाच. इतकं पवित्र मी कुठेच काही पाहिलेलं नाही, आणि हे मी चर्चमध्ये उठून सांगितलं तर पाळकांना राग येईल.

आपल्या बाबांनी शिकवलेल्या पावाचं असं काही झालेलं त्यांनी पाहायला हवं होतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई


१३ मार्च

प्रिय धाकट्या,

पत्र परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतलंय. एवढ्यावर मी महिना काढला.

काल पुन्हा गेले. घसरलेल्या बाईंचं हाड जुळत आलंय, पण मी पाळकीणबाईंना सांगितलं की त्यांना आराम करू द्या, मी जाईन. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला स्वतःहून कुठे जाताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

हातमोजेवाल्याशी माझं वाजलं. मी त्याला सांगितलं की हा पाव आत मोडायचा असतो, प्रार्थना झाल्यावर. तो आधीच मोडून आला तर आत पाळकांनी करायचं काय? तो म्हणाला, बाई, आत काय जातंय ते बघणं माझं काम आहे. मी म्हटलं, बघा ना, सुई घालून बघा, केक शिजला की नाही ते बघतात तसं. तो गोंधळला. मला वाटतं त्याच्याशी कधी कोणी पावाबद्दल भांडलं नसावं. पाळकांनी मध्ये पडून वरच्या साहेबांकडे अर्ज करायचं कबूल केलं, तेव्हा रांग पुढे सरकली. पाव कालही तुकडे होऊनच आत गेला.

या वेळी मी चेहरे पाहिले. तुझा चेहरा शोधत होते असं नाही, तू तिथे नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तू कोणत्या खुर्चीवर बसत असशील, बसत तरी होतास की नाही, याचा विचार मनातून जाईना. तीन वर्षं तू त्या भिंतींच्या आत होतास आणि मी एकदाही आले नाही. बसमधून जायची वेळ आली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे.

मी का आले नाही ते तुला माहीत आहे. तू दारू पिऊन व्हॅन चालवलीस आणि सायकलवरचा एक माणूस गेला. पेपरातल्या फोटोत व्हॅनवरचं बेकरीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, ते बाबांनी स्वतः रंगवलेलं. त्यानंतर बाबा गल्ल्यावर बसले नाहीत. लोक पाव घ्यायला यायचे आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. मी तुला माफ केलं नाही, आणि आज केलंय असंही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की मी त्या खोलीत बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं की एकदा यायला हवं होतं.

बाबा गेले तेव्हाचं तुझ्या मनात असेल. तुला सहा तास सोडण्याचा कागद आमच्याकडे उशिरा पोचला. मी तेव्हाही मावशीला तेच सांगितलं होतं.

काल कैद्यांनी एकच गीत तीनदा म्हणायला लावलं. पोस्टमनकाकांची गिटार बेसूर आहे, पण तेवीस पुरुष एका सुरात लागले की त्या खोलीचं छत वर गेल्यासारखं वाटतं.

ताई


१० एप्रिल

धाकट्या,

हे पत्र नीट लिहिता येईल का माहीत नाही. काल जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

अर्ज मंजूर झाला. हातमोजेवाल्याने एक लांब सुई आणली होती, स्वेटर विणायची असते तसली, आणि ती त्याने पावात चार ठिकाणी हळूच घातली. मग मला म्हणाला, शिजलाय. मी हसले. पाव अख्खा आत गेला, पहिल्यांदाच.

पाळकांनी फडकं काढून तो मेजावर ठेवला आणि खोलीत कुजबुज झाली. मला वाटलं पाव बघून खूश झाले. मग पुढच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, हा तर आपलाच पाव आहे.

पाळकांनी त्याला समजावलं की नाही, हा या ताई घरून करून आणतात. तो म्हणाला, तसं नाही, याच्यावरची खूण आपली आहे.

बाबांची चीर तुला सांगायला नको. भट्टीत घालायच्या आधी पावावर तीन तिरप्या चिरा, आणि त्यांना छेदणारी चौथी आडवी, जी तिसरीपर्यंत पोचतच नाही, मध्येच थांबते. बाबांचा अंगठा मशीनमध्ये सापडला तेव्हापासून त्यांचा हात तिथे थांबायचा. चूकच होती ती. पण मी तशीच शिकले, तूही तशीच शिकलास. मी एकदोनदा ती चीर पूर्ण करायला गेले, हात पुढे गेला नाही. या गावात, या जगात, तशी चीर मारणारं दुसरं कोणी नाही.

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून आला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. जन्मठेपेचा कैदी, तुरुंगातल्या भट्टीचा मुख्य. नियमाप्रमाणे मेजापासून चार पावलांवर थांबला आणि पावाकडे बघत राहिला. मग त्याने मला सांगितलं. इथे रोज आठशे पाव होतात. पूर्वी ते भट्टीत बाजूने फुटायचे, कारण चिरायला पातं द्यायची परवानगी नव्हती. मग एक जण आला, ज्याच्या घरी बेकरी होती. त्याने अर्ज केला, नाकारला गेला. पुन्हा केला. अकरा महिने अर्ज करत राहिला. शेवटी साखळीने मेजाला बांधलेली एक बोथट पत्र्याची पट्टी मंजूर झाली. त्या पट्टीने त्याने सगळ्यांना चीर मारायला शिकवलं. तीन तिरप्या, एक आडवी, आणि आडवी इथे थांबवायची. का थांबवायची ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाला की आमच्याकडे अशीच मारतात. तो सुटून गेला, पण नऊ वर्षं रोज आठशे पाव तसेच चिरले जातात.

मी खुर्चीचा दांडा धरला होता. रोज आठशे! धाकट्या, बाबांचा हात रोज आठशे वेळा तिथे थांबतोय आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या भिंतीकडे मी पाठ फिरवून बसायचे त्या भिंतीच्या आत आपलं घर चालू होतं. मी देवाच्या कामाबद्दल पुष्कळ प्रवचनं ऐकलीत. देव असा काम करत असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने विचारलं. वैयक्तिक प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम आहे, त्याला तो ठाऊक आहे, त्याचा आवाजच खाली गेला. “तो त्याच्या ताईबद्दल बोलायचा. तुम्हीच का त्या?”

अधिकारी कोपऱ्यातून बघत होता. पाळक माझ्याकडे बघत होते. फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’ मला आठवलं.

“नाही,” मी म्हटलं. “अशी चीर बऱ्याच ठिकाणी मारतात.”

त्याने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. तो बेकर आहे, धाकट्या. त्याला कळलंच असणार की अशी चीर कुठेच मारत नाहीत.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

कागद उशिरा आला नव्हता.

बाबा मंगळवारी सकाळी गेले आणि बुधवारी दहा वाजता तुरुंगाचा शिपाई कागद घेऊन दुकानात आला. दफन दुपारी चारला होतं. घरच्या एका माणसाने सही करायची होती, की हा आमचा आहे, सहा तास याची जबाबदारी आम्ही घेतो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. शाळेतल्या बाई होत्या, औषधाच्या दुकानवाला होता. शिपायाने तुझं नाव मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, इथे असं कोणी नाही. तो म्हणाला, पत्ता हाच आहे. मी म्हटलं, पत्ता चुकला असेल. आणि त्या औषधवाल्याला पाव बांधून दिला.

बारा मिनिटांचा रस्ता आहे तुरुंगापासून कबरस्तानापर्यंत. मी नंतर एकदा चालून पाहिला.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मार्चच्या पत्रात तुझ्याशीही खोटं बोलले, तेही तू विचारलं नसताना.


१५ मे

प्रिय धाकट्या,

काल मी सांगून टाकलं.

आधी पाळकांना सांगायला हवं होतं, ती चूकच. पण त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला दारातच थांबवलं असतं, आणि मला उस्तादांसमोर बोलायचं होतं. गीत झालं, वाचन झालं, पाळकांनी पावावरचं फडकं काढलं. मी उठून उभी राहिले. 

मी म्हटलं, मागच्या महिन्यात मी खोटं बोलले. ज्याने तुम्हाला चीर मारायला शिकवलं तो माझा भाऊ. मी त्याची ताई.

कोपऱ्यातला अधिकारी खुर्चीवरून उठला. पाळकांनी त्याला हाताने थोडं थांबायला सांगितलं, आणि तो थांबला, हे मी विसरणार नाही.

उस्ताद बसूनच होते. ते म्हणाले, “वडिलांचं दफन होतं त्या दिवशी त्याने कोणाला पट्टी हातात दिली नाही. आठशे पाव त्याने एकट्याने चिरले. आम्ही विचारलं, घरून कागद आला नाही का? तो म्हणाला, उशिरा पोचला असणार. ताईने सही केलीच असती.”

तू असं म्हणालास? तुला तसं खरंच वाटत होतं, की शिपायाने परत येऊन सगळं सांगितल्यावर तू त्यांच्यापुढे माझी लाज राखलीस? मला ते कळायचा काही मार्ग नाही. मी तुझ्यासाठी जी थाप नऊ वर्षं जपून ठेवली होती ती तू माझ्यासाठी त्याच दिवशी मारून ठेवली होतीस.

मी तिथे उभी राहून सांगितलं की उशिरा नव्हता पोचला. सकाळी दहा वाजता पोचला होता. मी परत पाठवला.

तेवीस माणसं. त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घरच्या सहीची वाट पाहिलेली. मला वाटलं आता काहीतरी येईल, शिवी येईल, निदान तोंड फिरवतील.  मानेवर वळ असलेला तो दांडगा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते मला शब्दांत धरता येत नाही. माझ्याबद्दल त्याला वाईट वाटत होतं, मला वाटतं. त्याला! माझ्याबद्दल!

मग पाळकांनी प्रार्थना केली, ताट ठेवलं आणि मागे आले. तुकडे निघाले, नावं निघाली. मी भिंतीला टेकून ऐकत होते. तेविसाव्या माणसाला पाव देऊन झाला तेव्हा उस्ताद पुन्हा उठले. ताटातला उरलेला तुकडा त्यांनी घेतला, माझ्यासमोर मेजाच्या कडेवर ठेवला, हातात दिला नाही, नियम पाळला, आणि चार पावलं मागे जाऊन माझं नाव घेतलं.

पासवर आहे ते नव्हे. तू लहानपणी बोबड्या बोलांत मला हाक मारायचास ते. बाबा गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. ते मी इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे.

म्हणजे तू त्यांना तेही सांगितलं होतंस. मी ‘इथे असं कोणी नाही’ म्हणत होते तेव्हा तू आत पीठ मळता मळता माझं नाव सांगत होतास.

मी तो तुकडा खाल्ला. मी रडले, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, आणि रुमाल दारावर जमा होता. त्या क्षणी ती खोली केवढी मोठी होती, धाकट्या. मी एवढीशी होते आणि मला एवढंसं असण्याचं काही वाटलं नाही.

पास गेला. एक वर्ष बंदी. पाळकांनी स्वतःच्या हाताने खरा अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला, मी म्हटलं बरोबर आहे. हातमोजेवाल्याने पास घेतला आणि विचारलं, आता पाव कोण करणार? मी म्हटलं, पाव मीच करणार, तुम्ही सुई सांभाळा.

ताई


१२ जून

प्रिय धाकट्या,

काल दुसरा शनिवार. पाव गेला, मी नाही गेले. चार वेळा दुकानाच्या दाराशी जाऊन आले. पोस्टमनकाका संध्याकाळी सांगून गेले की सगळं नीट झालं आणि गिटारीची एक तार तुटली.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. बुधवारी दुकानात तुरुंगाचा शिपाई आला. वेगळा आहे, तरुण, पण पोशाख तोच, आणि वेळही सकाळचीच.  दुकानात तेव्हाही गिऱ्हाइकं होती, ती असतातच.

त्याने कागद वाचला. कैद्याला भेटायला येणाऱ्यांच्या यादीत उस्तादांनी माझं नाव दिलंय. चर्चच्या बाजूने नव्हे, घरच्या माणसांच्या बाजूने. एकोणीस वर्षांत त्यांच्या यादीत कोणाचंच नाव नव्हतं. ‘नातं’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: आमच्या भट्टीवरच्याची ताई. शिपाई म्हणाला, कारकून आधी हसला, मग त्याने नियम पाहिला, माजी कैद्यांच्या नातेवाइकांना बंदी आहे ती फक्त स्वयंसेवक म्हणून, भेटीला येणाऱ्यांना नाही. तेव्हा चालेल. फक्त हे खरं आहे असं तुम्ही मान्य करून सही करायची.

मग त्याने तुझं नाव मोठ्याने वाचलं, कोणाची ताई ते नक्की करायला.

मी म्हटलं, हो, माझा भाऊ. औषधवाल्याचा मुलगा पावासाठी उभा होता, तो आता बापाचं दुकान चालवतो. त्याला थांबायला सांगितलं, हाताचं पीठ पुसलं आणि सही केली. पेन नीट चालेना, म्हणून दोनदा केली.

ताई


१० जुलै

प्रिय धाकट्या,

काल मी घरच्यांच्या दाराने आत गेले. ते मागच्या बाजूला आहे, मला इतके महिने ते माहीतच नव्हतं. हातमोजेवाला तिथे नसतो. एक लांब लाकडी बाक आहे, बसून बसून मध्ये गुळगुळीत झालेला. त्यावर आया असतात, बायका असतात, बहिणी असतात. माझ्या शेजारच्या म्हातारीने मला पाहिलं आणि सांगितलं की पिना आत्ताच काढ, आत काढायला लावल्या तर तुझी दहा मिनिटं जातील. तिने विचारलं, किती वर्षांपासून येतेस? मी म्हटलं, पहिल्यांदाच. ती म्हणाली, होईल सवय. तिच्या मांडीवर डबा होता, आत जाऊ देत नाहीत हे माहीत असून आणलेला.

तीन वर्षं, धाकट्या. तीन वर्षं दर महिन्याला या बाकावर माझी जागा रिकामी होती आणि तिथे दुसरं कोणीतरी बसत होतं. मी बाकावरून हात फिरवला. लोकांनी पाहिलं, पाहू दे.

आत काच आहे आणि दोन्ही बाजूंना फोन. उस्ताद दाढी करून आले होते, हनुवटीला कापलेलं होतं. त्यांना फोनच्या कुठल्या टोकात बोलायचं ते कळेना, एकोणीस वर्षांत त्यांच्यावर ती वेळ आली नव्हती. मी काचेवर बोट लावून दाखवलं. मग आम्ही दोघं कानाला फोन लावून बसलो आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. ज्या माणसाने कोणाचा तरी जीव घेतला असेल, काय केलं असेल ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही, त्या माणसाच्या श्वासाचा आवाज ऐकत मी बसले होते आणि मला वाटलं, आपण चर्चमध्ये आहोत.

काय काय विचारायचं याची ते किती दिवस जुळवाजुळव करत असतील असं मला वाटत होतं. पण त्यांच्याजवळ एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी नऊ वर्षं सांभाळून ठेवला होता.

“तो कसा आहे?”

 तू कुठे काम करतोस ते मला माहीत नाही. तू लग्न केलंस का, पुन्हा दारूला शिवलास का, पाव करतोस का, तुझे केस पांढरे झाले का, काही माहीत नाही. ज्याच्यासाठी मी सही केली, ज्याची ताई म्हणून मला आत सोडलं, त्याच्याबद्दल मला एक ओळही ठाऊक नव्हती. शेवटी खरं तेच सांगितलं, मला माहीत नाही.

ते रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, मग आठशे पावांबद्दल बोलले, पीठ हल्ली कमी प्रतीचं येतं त्याबद्दल. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा फोन ठेवायच्या आधी म्हणाले, “मग पुढच्या वेळी सांगा.”

पुढची वेळ ऑगस्टचा दुसरा शनिवार. ते पुन्हा दाढी करून येतील. त्या कागदाबद्दल तू मला माफ कर असं मी या पत्रात मागत नाही, ते मागायचं तर तुझ्यासमोर येऊन मागेन. आत्ता मला एकच ओळ हवी आहे. मला लिहायची नसेल तर नको लिहूस, त्यांच्या नावाने लिही. मी ती पाकिटातून काढीन, पाठ करीन आणि फोनवर त्यांना जशीच्या तशी सांगेन. त्यात माझा एकही शब्द घालणार नाही.

तुझी ताई